‘काहून’चा ‘का’

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, आणि संघपालला तर नाहीच.

संघपाल, म्हणजे आमचा संघा, भातकुलीचा, मी अमरावतीचा. कापसाचा सगळा धंदा बसला होता, त्या वर्षांत आम्ही चौघांनी डेथ मेटलचा बँड काढला. नाव ‘कोरडवाहू’. अकोल्यात खोली घेतली, भिंतींना गाद्या ठोकल्या आणि पहिला अल्बम रेकॉर्ड केला. मी गिटारवर सात मात्रांतून अकरांत उड्या मारायचो, संघा गाणी पोटातून गुरगुरायचा. शेजारच्या काकू हळदीचं दूध आणून द्यायच्या — “बाबू, येवढा खोकला बरा नाई, दवाखान्यात जा न.” संघा ते मुकाट पिऊन टाकायचा. असा गुणी गडी. माझा फार जीव आहे त्याच्यावर.

पण त्या गुरगुरण्यातला शब्द कुणाला कळणार? म्हणून कव्हरच्या आत गाणी छापायची ठरली. शेवटचं गाणं त्याच्या मोठ्या भावासाठी होतं. गावातली कापसाची जिनिंग मिल बंद पडली तसा दादा कामासाठी सुरतेला गेला. तो एसटीत चढताना लहानग्या संघानं त्याचा शर्ट धरून विचारलं होतं, “दादा, मले सोडून काहून चालला?” तीच ओळ गाण्यात होती. दादानं ती वाचावी आणि ओळखावी, एवढंच त्याला हवं होतं. तोंडानं सांगता आलं असतं, तर गुरगुरला कशाला असता?

गाणी टाइप मी केली. आणि — कसं सांगू? — सीडी पुण्यालाही जाणार होती. तिकडचे लोक ‘मले’, ‘काहून’ वाचून हसतील, याची मला लाज वाटली. घरी आईशी बोलतो त्या भाषेची लाज! मी संघाला न विचारता ओळ सुधारली — “दादा, मला सोडून का चालला आहेस?”

छापलेलं कव्हर पाहून संघाचं तोंड उतरलं. मी म्हणालो, प्रेसवाल्यानं घोळ केला. दादाची सीडी तोवर सुरतेला गेलीही होती.

दादाचा फोन आला तेव्हा मी संघाच्या शेजारीच होतो. मोबाइलमधलं सगळं ऐकू येत होतं. “वाचलं बे तुयं शेवटचं गानं. झकास हाय. कोनासाठी लिवलं?”

संघानं हातातलं कव्हर मिटलं. मग म्हणाला, “असंच. कोनासाठी नाई.”

अजूनही अल्बमचा विषय निघाला की संघा त्या प्रेसवाल्याला शिव्या घालतो. मीही घालतो.