शेवटच्या प्रकरणातलं दार

ओहायोतल्या आमच्या गावच्या वाचनालयाच्या बाई गुन्हे शोधून काढणाऱ्या पोरींच्या रहस्यकथा शेल्फवर ठेवतच नसत. म्हणायच्या, "कचरा आहे. मुलींची डोकी फिरतात त्यानं." मग आम्ही ती पुस्तकं हातोहात फिरवायचो आणि आतल्या पानावर आपापली नावं लिहायचो. पहिलं नाव नेहमी इमोजीन क्राउझचं, दुसरं माझं.

१९३८ साली ती तेरा वर्षांची होती. आईबाप नव्हते, म्हणून थोरल्या बहिणीकडे, लव्हर्नकडे राहायची. लव्हर्नचा नवरा डेल्बर्ट पोलादाच्या भट्टीवर होता. बायकोला गुरासारखं मारायचा, आणि ती गावभर सांगायची, तळघराच्या जिन्यावरून पडले. इमोजीन वहीत तारखा टिपायची. लव्हर्नचा तुटलेला दातसुद्धा तिनं काडेपेटीत जपला होता.

"पोलिसांकडे, शेरीफकडे जा की," मी म्हटलं.

"गेले होते. म्हणाला, नवराबायकोच्या भांडणात नाक खुपसू नकोस, पोरी. पण डेल्बर्टनं कबूल केलं तर? शेवटच्या प्रकरणात सगळे कबूल करतात."

पुस्तकातली मुलगी गुन्हेगाराला खोलीत कोंडते, पुरावा समोर मांडते आणि तो गळून पडतो. इमोजीननं तस्संच केलं. लव्हर्न अंगणात कपडे वाळत घालत होती. डेल्बर्ट स्वयंपाकघरात एकटा बसलेला पाहून हिनं दाराला आतून कुलूप लावलं, का, तर तो पळून जाऊ नये! किल्ली मोज्यात घातली आणि दात टेबलावर ठेवला.

"डेल्बर्ट, हा कुणी पाडला?"

तो कशाला पळतोय! त्यानं चुलीजवळची लोखंडी सळई उचलली. पहिल्या फटक्यात तिचा जबडा मोडला, दुसऱ्यात डावा कान गेला. ती खाली पडली तरी मेला लाथा घालतच होता.

आवाज ऐकून बहीण अंगणातून धावत आली, पण दार उघडेना. स्वतःसाठी जिनं कधी हात उचलला नव्हता, त्या लव्हर्ननं लाकडं फोडायची कुऱ्हाड आणली, खिडकी फोडली, काचांवरूनच आत शिरली आणि कुऱ्हाडीची बोथट बाजू त्याच्या गुडघ्यावर घातली. दोनदा. तो जन्मभर लंगडला, आणि मला त्याचं आजही बरं वाटतं.

शेरीफ आला. "याला काय झालं?"

"जिन्यावरून पडला," लव्हर्न म्हणाली.

त्याच दिवशी ती बहिणीला घेऊन आमच्या घरी आली, ती परत गेली नाही.

इमोजीन गेली तीस वर्षं शाळेच्या खानावळीत काम करतेय. तिथल्या मुलींना ती अजूनही तीच पुस्तकं वाचायला देते. फक्त प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर तिनं पेन्सिलीनं लिहिलंय: "दार उघडं ठेव. आणि आधी बहिणीला सांग."