बंद प्रोसेसचे तीन फोन

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. माझा विश्वास लॉगवर, म्हणजे कॉम्प्युटर आपल्या कामाची ठेवतो त्या नोंदवहीवर. लॉगमध्ये नोंद नाही म्हणजे ते घडलंच नाही, असं ऑफिसात ठणकावून सांगणारा माणूस मी. आता कोणत्या तोंडानं सांगू...

मी नांदेडला तरोडा भागात राहतो, सॉफ्टवेअरचं काम करतो. आई मुखेडला एकटी असायची. हृदयाचा त्रास, रक्त पातळ करायची गोळी रोज सकाळी जेवल्यावर घ्यायची, आणि ती विसरायची. रोज फोन करायचा मला कंटाळा – खरं तेच सांगतो. म्हणून पायथनमध्ये एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली. घरच्या कॉम्प्युटरवर ती मागे गुपचूप चालायची आणि रोज सकाळी नऊला इंटरनेटवरच्या एका सेवेमार्फत आईला फोन लावून माझा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवायची: "आई, जेव आणि गोळी घे." एवढंच. आईला वाटायचं लेकरू रोज आठवण काढतंय. मीही कधी खरं सांगितलं नाही.

स्क्रिप्ट सुरू झाली की आपला प्रोसेस नंबर, म्हणजे चालू प्रोग्रामला कॉम्प्युटर देतो तो नंबर, एका फाईलमध्ये लिहायची, बंद होताना ती फाईल पुसायची. फाईल दिसली तर दुसरी प्रत सुरू व्हायची नाही. त्या सोमवारी पहाटे लाईट गेली. कॉम्प्युटर धाडकन बंद, फाईल तशीच. लाईट आल्यावर स्क्रिप्टनं फाईल पाहिली आणि आपण आधीच चालू आहोत असं समजून गप बसली. मी रोज स्टेटस बघायचो, तिथं 'रनिंग', म्हणजे चालू. कारण माझी स्टेटस कमांडसुद्धा फक्त ती फाईलच बघायची! प्रोसेस खरंच जिवंत आहे का, हे तपासणारी ओळ मी लिहिलीच नव्हती. दुसऱ्या कुणी अशी चूक केली असती तर मी त्याला झाप झाप झापलं असतं.

गुरुवारी सकाळी शेजारच्या गंगामावशींचा फोन आला. आई अंगणात पडली होती, तोंड वाकडं झालं होतं. नांदेडला आणलं, पण दुसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चुकल्या. पाकिटात तीन जास्त निघाल्या. घरी येऊन लॉग उघडला... सोमवारपासून कोरा.

तेराव्याच्या दिवशी मी मावशींपुढं कबूल केलं. "मावशी, मीच मारलं तिला. तीन दिवस माझा फोनच गेला नाही."

"येड्यावानी काय बोलून राहिलास? रोज नऊला फोन यायचा की तुझा. तिला कमी ऐकू यायचं, स्पीकरवर लावायची. मी बाजूलाच असायची."

"काय बोललो मी?"

"'आई, मी निघालो. जेवायला येतो.' तिन्ही दिवस हेच. मग ती कशाला जेवती? लेकराच्या आधी न्हाई जेवायची म्हणे. भाकरी झाकून दारात बसायची. सांजच्याला चार घास खायची, अन् गोळी ऱ्हाऊन जायची. मी म्हणलं, लावू का त्याला फोन? तर म्हणे नको, कामात असल, येईल."

आईचा मोबाईल माझ्या खिशात होता. उघडून बघितला. सोमवार, मंगळवार, बुधवार... बरोबर नऊला, स्क्रिप्टच्या त्याच नंबरवरून आलेले, उचललेले फोन. फोन लावून देणाऱ्या सेवेच्या यादीत मात्र एकही नाही. रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं. 'मी निघालो' त्यात कुठंच नाही. दोन वर्षांत हे वाक्य मी आईला बोललोच नव्हतो. एसटीनं दोन तासांची तर वाट आहे.

कुणाला याचा अर्थ लागला तर सांगा, मला अजून लागलेला नाही. ती फाईल तशीच आहे, पुसायला हात उठत नाही. स्टेटस अजून 'रनिंग' दाखवतं. रोज नऊला मी आईचा मोबाईल समोर घेऊन बसतो. वाजत नाही.