चौसष्ट अक्षरं जुळली

जाफराबादजवळच्या आमच्या शाळेत सात संगणक होते. ते सुरू व्हायला बटण दाबावं, प्रार्थना उरकावी, हजेरी घ्यावी आणि मग बघायला यावं. माझ्या स्वतःच्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर मी विंडोज काढून फुकटातलं, हलकं लिनक्स टाकलं होतं, तो तुरुतुरु चालायचा. तेच या सातांवर टाकू का, असं मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "टाका. बिघडून बिघडून आणखी काय बिघडणार?"

फाइल होती तीन जीबीची. गावातल्या नेटवर ती उतरली नसती. अंबडला माझी धाकटी बहीण कोर्टासमोर टायपिंगचं दुकान चालवते. तिच्याकडे नेट चांगलं. तिनं फाइल उतरवली, पेनड्राइव्हवर घातली आणि कामाला तिकडे गेलेले आमचे हे ती घेऊन आले.

पहिल्या संगणकावर अर्ध्यापर्यंत गेलं आणि पडदा काळा. दुसऱ्यावरही तेच. तेव्हा कुठे मी त्या साइटवरची बारीक अक्षरातली सूचना वाचली, की फाइल वापरण्याआधी तिचा हॅश पडताळून घ्या.

संगणकांच्या प्रयोगशाळेतला पंखा चांगला म्हणून आमच्या मोठ्या बाई मधल्या सुटीत तिथं येऊन बसायच्या. मराठी शिकवायच्या, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. त्यांना मी सांगितलं, की संगणक ही सगळी फाइल वाचून चौसष्ट अक्षरांची एक ओळ काढतो. साइटवर मूळ ओळ दिलेली आहे. दोन्ही जुळल्या तर फाइल जशीच्या तशी आहे.

"मग काढा की," बाई म्हणाल्या.

मी माझ्या लॅपटॉपवर, कमांडच्या काळ्या खिडकीत sha256sum लिहिलं, पुढं फाइलचं नाव, आणि एंटर दाबलं. थोड्या वेळानं ओळ आली. बाईंनी मोबाइलवरची मूळ ओळ वाचायला घेतली.

"चार."

"माझ्याकडं नऊ."

पहिल्याच अक्षराला गाडी घसरली. मी बहिणीला फोन लावला.

"ताई, मी बराबर उतरवली व्हती," ती दुखावून म्हणाली. "माझ्याकडून चूक न्हाई."

"मंग तुझ्या कॉम्प्युटरवर जी आहे तिचा हॅश काढ," म्हटलं. तिच्याकडं विंडोज, कमांड वेगळी. ती मी सांगितली. तिनं काढून फोनवर वाचायला सुरुवात केली. मी फोन स्पीकरवर ठेवला, बाई मोबाइलवर बोट फिरवत होत्या.

"चार. एफ. झिरो. डी."

"बी का डी?" बाईंनी अडवलं.

"डी. डब्यातला."

"असं सांग. पुढं."

मग बदकातला बी, डब्यातला डी, इमलीतला ई असं करत आम्ही निघालो. विसाव्या अक्षरापर्यंत सगळं जुळलं. तिसाव्याला बाईंनी चष्मा काढून पुसला आणि "हं, चालू दे" म्हणाल्या. तेवढ्यात शाळाभेटीला आलेले केंद्रप्रमुख दारात उभे राहिले.

"काय चाललंय, बाई?"

मोठ्या बाईंनी मान वर न करता हात आडवा धरला. "थांबा साहेब. एकेचाळिसावं चालू आहे."

साहेब खरंच थांबले. फाइल छातीशी धरून ते बाकावर टेकले आणि पंचेचाळिसाव्यापासून प्रत्येक अक्षराला मान हलवू लागले. चौसष्टावं अक्षर आलं. बाई म्हणाल्या, "सात." बहीण म्हणाली, "सात." आणि साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग विचारलं, "पण झालं काय?"

आम्ही दोघी इतक्या हसलो, की सांगता येईना. फोनमधून बहीणच बोलली, "माझी फाइल खरी निघाली, साहेब. पेनड्राइव्हमध्ये भरताना बिघडली. दाजी दारात उभे राहून जल्दी कर, बस सुटंल म्हणत व्हते. पेनड्राइव्हचा लाइट लुकलुकतच व्हता, तरी मी उपसून दिली."

म्हणजे चोर माझ्याच घरात सापडला. रविवारी मी त्यांना पुन्हा अंबडला पाठवलं. दिवा विझेपर्यंत ते दुकानात मुकाट्यानं बसून राहिले, असं बहिणीनं मुद्दाम कळवलं.

या वेळी ओळ जुळली. पण बाईंना आता चटक लागली होती. "अहो, फाइल बदलणारा ती साइटवरची ओळ पण बदलू शकतो की."

त्यासाठीच सही असते. त्या ओळींच्या यादीवर फाइल बनवणाऱ्यांची डिजिटल सही होती. ती सही तपासायची त्यांची डिजिटल चावी मी उतरवली आणि gpg --verify चालवलं. 'गुड सिग्नेचर' आलं, आणि खाली लगेच मोठ्या अक्षरात वॉर्निंग.

"गेलं," बाई म्हणाल्या.

"न्हाई बाई. सही या चावीचीच आहे. चावी त्यांचीच कशावरून, एवढंच ते विचारतंय."

"नमुना सही कुठंय मग?"

प्रत्येक चावीला स्वतःचा ठसा असतो, चाळीस अक्षरांचा. बहिणीनं तिच्या नेटवरून, दुसऱ्या एका पानावरून तो शोधला आणि परत सुरू झालो आम्ही, डब्यातला डी. चाळीसच्या चाळीस जुळली. "आमच्या कोर्टात नक्कल खरी म्हणून शिक्का मारतेत," बहीण म्हणाली, "पण एवढं कुणी वाचून बघत न्हाई."

सातही संगणकांवर लिनक्स बसलं. सातवा चालू झाला तेव्हा मला कळलं, की त्या कमांडला -c जोडलं की ती स्वतःच ताडून 'ओके' सांगते. वाचायची काही गरज नव्हती. मी ओशाळून बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सांगू नका कुणाला. साहेबांना तर मुळीच नको."

त्यांचं वेगळंच चाललं होतं. त्यांनी एका फाइलमध्ये 'मुलं नदीत पोहतात' असं लिहून हॅश काढला होता. मग 'मुलं'वरचा अनुस्वार पुसून पुन्हा काढला. ओळ पार वेगळी. त्यांनी दोन्ही ओळी वहीत उतरवून घेतल्या आणि वही माझ्यासमोर धरली.

"तीस वर्षं पोरांना सांगून राह्यले, एका अनुस्वारानं सगळं बदलतं. कुणाला पटलं न्हाई." त्यांनी पडद्याकडं बोट केलं. "याला पटलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सातवीचा मराठीचा तास प्रयोगशाळेत घेतला. शेजारच्या वर्गात मला शिकवणं अशक्य झालं. भिंतीपलीकडं चाळीस पोरं एका सुरात ओरडत होती, "बदकातला बी."