गुणाची पोर

माझं पहिलं बाळंतपण माहेरी, मादन हिप्परग्याला झालं, तेही भर वैशाखात. गाव म्हैसूर राज्यात जाऊन काही वर्षं झाली होती, पण बाळंतिणीच्या खोलीत राज्य माझ्या आत्याचं. खिडकीच्या फटीत चिंध्या, दाराला पोतं, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. प्यायला ओव्याचं उकळलेलं पाणी, तेही फुलपात्रभर. जास्त पाण्यानं पोट सुटतं, म्हणे. मी सातवी शिकलेली दीडशहाणी. त्यातलंही अर्धं परत पाठवायची आणि आत्याकडून शाबासकी घ्यायची.

पोरगी आधी टाहो फोडायची, मग गप्प झाली. भेटायला येणाऱ्या बायकांना मी ऐटीत सांगायची, "माझी लई गुणाची हाय. रडतच न्हाई." दूध ओढायचा ती कंटाळा करायची. लंगोट कोरडे राहायचे, तर मला वाटलं, धुणं वाचलं. एवढी अक्कल घेऊन मी आई झाले होते!

बारसं होईपर्यंत खोलीत बाप्या माणसानं यायचं नाही. अप्पा, म्हणजे माझे वडील, दाराबाहेर बसून नुसता कानोसा घ्यायचे. एका दुपारी त्यांनी बाहेरूनच विचारलं, "पोरगी रडत कामून न्हाई?"

"निजली हाय," मी म्हटलं.

"सकाळी बी निजलीच व्हती की."

"गुणाची हाय, अप्पा."

"इवल्याशा लेकराला कसले आलेत गुण?"

पोतं बाजूला झालं. आत्या कडाडली, "अरं, आत कामून शिरायलास? विटाळ हाय!"

"अक्का, तू सरक. विटाळाचं मी बघतो."

उघड्या दाराच्या उजेडात मी पोरीला पहिल्यांदा नीट पाहिलं. ओठ सुकलेले, टाळू खोल गेलेली, अंग तव्यासारखं. अप्पांनी हलवलं तर डोळे अर्धे उघडून पुन्हा मिटले.

अप्पांनी शेगडी अंगणात नेऊन उलटी केली, चिंध्या उपसल्या. आईनं माठच आत आणला. मी तांब्यावर तांब्या पीत होते आणि आई ओल्या फडक्यानं पोरीचं अंग पुसत होती. आळंदचा दवाखाना लांब. त्या उन्हात बैलगाडीतून न्यायचं तर वाटेतच काही होईल, आणि न न्यावं तर इथंच. अप्पा गाडी जुंपून ऊन उतरायची वाट बघत दारात उभे राहिले. आई माझं दूध वाटीत पिळून कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब सोडत होती. ते ओठांवरून ओघळत होतं. आत्या कोपऱ्यात बसून होती.

कधीतरी पोरीचा घसा हलला. गाडी गावाबाहेर पडल्यावर ती रडली, मांजरीच्या पिलासारखी बारीक.

दवाखान्यातून ती वाचून आली. पण नंतर ती शांत निजली की मी आधी तिची टाळू चाचपायची. पाऊस लागेपर्यंत मी तिला चिमटे काढून उठवत होते.

"कसली आई हाईस गं! निजलेलं लेकरू रडवायलीस?" आत्या म्हणायची.

पोरीचा आवाज चांगला खणखणीत निघाला, की मगच मी तिला पदराखाली घ्यायची.