गंगाजलातला तुकडा

गंगाजल कधी नासत नाही, याबद्दल आमच्या घरात कुणाला शंका नव्हती. परवा इंजेक्शनआधी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरला आणि त्या वासानं मला दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतला, आमच्या कारंजा गावचा उन्हाळा आठवला. काकांना शौचातून रक्त पडायचं. वैद्यांनी मूळव्याध ठरवून त्यांना वर्षभर सुरण खायला घातला. अकोल्याच्या डॉक्टरांच्या बोटाला मात्र आत गाठ लागली. त्यांनी तिचा वाटाण्याएवढा तुकडा कापून स्पिरिटच्या बाटलीत घातला आणि मुंबईला तपासायला न्यायला माझ्याकडे दिला. घरी काकूनं बाटली हुंगली. "माळकरी माणसाले दारूत बुडवून ठेवता व्हय रे?" "काकू, ते औषध हाय." "मंग वास काहून येऊन राह्यला?" माझी पाठ वळताच तिनं स्पिरिट ओतून दिलं आणि मरतेवेळी तोंडात घालायला जपलेलं काशीचं गंगाजल बाटलीत भरलं. मुंबईत बूच निघताच प्रयोगशाळेतल्या साहेबानं नाक धरलं. तुकडा कुजला होता. मी घरी परतून विचारलं, तेव्हा "किडू नये म्हनूनच त घातलं," काकू रडत म्हणाली. काकांना पुन्हा कापलं. "माह्याआदी माह्या तुकड्यायनं मुंबई पाह्यली," ते म्हणाले. या खेपेला निदान झालं: गुदाशयात क्वचितच होणारा लसिकाग्रंथींचा कर्करोग. क्ष-किरणांच्या उपचारानं गाठ विरघळली, पण तोवर रोग सगळ्या पोटात पसरला होता. काका दिवाळीपर्यंत टिकले. शेवटच्या घटकेला काकूनं देवघरातला गडू उतरवला. तो रिकामा होता. मी विहिरीचं पाणी आणून दिलं.