उघाडीची फळी

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही. देवापुढेही नुसते हात जोडले – तोंड उघडलं नाही. तुम्ही आमच्या गावचे नाही, सुनंदाला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलायला जरा बरं पडतंय.

सुनंदा माझी धाकटी जाऊ. कल्याणची, बारावी शिकलेली, बोलायला गोड. आमचं गाव डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीला चिकटून. नव्वदच्या आगेमागे स्टेशनाकडे इमारती उठत होत्या, पण आमच्याकडे अजून भात पिकायचं. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध, आणि त्या बांधात एक दार. उघाडी म्हणतो आम्ही. ओहोटीला तिची फळी काढायची, पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. भरतीआधी फळी टाकायची, खाडीला बाहेर ठेवायचं. घराघराची पाळी असे. आमच्या घरची पाळी माझ्याकडे.

सुनंदा लग्न होऊन आली तेव्हा हे सगळं तिला मीच दाखवलं. बांधावरचा एक काळा दगडही दाखवला. मी नवी नवरी होते तेव्हा तो कोरडा असायचा, आता त्याला शेवाळ धरतं – म्हणजे पाणी वर चढतंय, असं तिला सांगितलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग ठाण्याहून साहेब आले. जग तापतंय, समुद्र चढणार, आपल्यासारख्या गरीब देशांनी आधीच हातपाय हलवायला हवेत, असं सांगत होते. खाऱ्या जमिनीत तग धरणारं भाताचं बी त्यांना एका शेतात लावून बघायचं होतं. ते पिकलं तर सगळ्या गावाला बी मिळणार आणि बांध दगडाने बांधून देणार. त्यांनी निवडला उघाडीलगतचा तुकडा, माझ्या दिराचा. म्हणजे सुनंदाचा. आमचं शेत त्याच्या पलीकडे, एका मेरेवर! साहेबांची ती लगेच सुनंदाताई झाली. आणि मी? चहा आणणारी.

ठाण्याला सभा होती. तिच्यासाठी जीप आली. ‘चला ना वहिनी,’ म्हणाली, म्हणून मीही गेले आणि मागच्या रांगेत बसले. ती स्टेजवर, खुर्चीत, हातात माईक. आणि काय सांगावं तिने? काळ्या दगडाची गोष्ट. माझा दगड, माझं शेवाळ! टाळ्या पडल्या. तिने माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर? खरं सांगू – तरीही मी जळलेच असते.

भात फुलोऱ्यावर आलं. सुनंदाचं तर असं, की रस्त्याने जाणारा थांबून बघे. सर्वपित्री अमावास्या आली. त्या दिवशी मोठी भरती भर दुपारी असते, आणि नेमकी तेव्हाच घरोघरी माणसं पितरांचं पान ठेवून कावळ्याची वाट बघत असतात. बांधावर चिटपाखरू नसतं.

मी विसरले – सांगायला लागलं की जीभ तिकडेच वळते. पण नाही. मी विसरले नव्हते. सकाळीच फळी टाकली होती, ठोकून घट्ट बसवली होती. मग घरी येऊन वडे तळले. पान वाढायला बसले, तर सासूबाई म्हणाल्या, ‘यंदा पान सुनंदा वाढूदे गं. तिच्या शेतानं घराचं नाव झालं.’ इतकी वर्षं ते पान माझ्या हातचं. मी पळी खाली ठेवली आणि बांधावर बघून येते म्हणाले.

भरती चढत होती. पाण्याच्या दाबाने फळी हलेना. दोन्ही पाय रोवून ओढली तेव्हा निघाली – म्हणजे हात चुकून लागला, असंही मला म्हणता येणार नाही. पाणी आत घुसलं. आतबाहेरचं पाणी सारखं होईतो मी तिथेच उभी राहिले. मग फळी पुन्हा बसवली. आत आलेलं खारं पाणी आता आतच कोंडून राहणार, हे मला ठाऊक नव्हतं? गावात मलाच तर सगळ्यात चांगलं ठाऊक होतं. घरी जाऊन मी जेवले.

भात करपलं. आमचंही करपलं, अर्ध्याहून जास्त. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन, दुसरं काय! गाव बांधावर जमलं. पाळी कोणाची, असं कुणीतरी विचारलं आणि सगळे माझ्याकडे वळले. मी तोंड उघडायच्या आत सुनंदा पुढे झाली.

‘वहिनींना कोणी काय बोलायचं नाय. सकाळी मी स्वतः बघितलेली फळी, टाकलेली होती. पाणीच वरून आलंय.’

तिचा शब्द कोण खोटा पाडणार? साहेबांनीही मान हलवली. या बांधावरून खाडी येते, इथे हे बी टिकणार नाही, असं म्हणाले आणि योजना दुसऱ्या गावाला घेऊन गेले. दगड आले नाहीत. बांध खचत गेला, शेतांत भराव पडला, आमच्याकडेही इमारती आल्या. पुढे खरंच मोठं उधाण आलं तेव्हा पाणी सुनंदाच्या चुलीपर्यंत चढलं. माझं घर उंचावर.

मधे कल्याणला बायकांचा मेळावा होता. सुनंदाने तिथे तीच गोष्ट सांगितली – समुद्र चढतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय, भर अमावास्येला माझं उभं शेत गिळलं त्याने. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, ‘विचारा माझ्या वहिनींना.’ मी मान डोलावली. सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला.

तेव्हा मला लाज वाटली असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही वाटली. मनात एवढंच आलं, की ते पाणी आणलं मी, आणि टाळ्या पुन्हा हिलाच.