चार पट्ट्यांचं वाळवण

शाळा मी आठवीत सोडली. खरं तर दुष्काळानं सोडवली. आमच्या शिरूर अनंतपाळच्या बाजूला त्या साली माय आणि वडील दोघंही खडी फोडायला जात होते. मायनं मला एका नातलगाबरोबर मुंबईला धाडलं. "पोट भरंल असं कायतरी शिक," एवढंच म्हणाली.

मी शिकलो पियानो. तोही आडमार्गानं. पियानो दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात धूळ झटकायला लागलो, झटकता झटकता पट्ट्या पुसायला, पुसता पुसता वाजवायला. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी जेवणाच्या सुट्टीत मला वाजवू दिलं आणि पुढं स्वतः एका गुरूंच्या दारात नेऊन उभं केलं. आज इतक्या लांब, परदेशातल्या बर्फाच्या गावात, मैफलीआधी हात शेकताना त्या मिस्त्रींना मनातल्या मनात नमस्कार केल्याशिवाय मी स्टेजवर जात नाही. गेलो तर काहीतरी बिघडेल अशी धास्ती वाटते. धास्ती माझ्या स्वभावातच आहे. तिकीट खिशात आहे ना, हे मी स्टेशनापर्यंत तीनदा बघतो.

मायला मात्र माझं काम बरीच वर्षं कळलं नाही. गावी गेलो की विचारायची, "अजून वाजवतच बसलास का रे? कामधंदा कवा लागंल?" मी हसायचो, पण आतून खट्टू व्हायचो.

मग लातूर जिल्हा झाला. त्या नवलाईत तिथल्या व्यापारी मंडळींनी ठरवलं, आपल्या मातीतल्या पोराची मैफल करायची. पुढाकार एका कापड दुकानदाराचा. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं. पियानो पुण्याहून ट्रकनं आला, गोधड्यांत गुंडाळून. ऐन उन्हाळा. अप्पांनी गोधडी उचलून बघितली आणि म्हणाले, "आरं बाबा, ही पेटी हाय का कपाट?"

मायला मी आदल्या दिवशीच आणलं होतं. माझं वाजवणं ती पहिल्यांदा ऐकणार होती. मला लोकांची भीती नव्हती. तिची होती. तिला हे काम वाटेल का, एवढीच.

सकाळी सभागृहात पियानो सुरात लावून मी बसायला जरा उंच खुर्ची शोधायला बाहेर पडलो. परत येतो तो काय! पियानोवर भस्माची तीन बोटं ओढलेली, कुंकू लावलेलं, आणि माय आपल्या प्यायच्या तांब्यात पदर भिजवून पट्ट्या घासत बसलेली.

"माय! काय करतीस?"

"काय म्हंजे? अवजार हाय न्हवं तुझं? दसऱ्याला कोयता धुतो, पेरायची पांभर धुतो. धुतल्याबगर पूजा करू का? कितीक धूळ होती, बघ."

मी एकेक पट्टी दाबून पाहिली. मधल्या चार खाली गेल्या त्या वर आल्याच नाहीत. लाकूड फुगलं होतं, आतल्या जाड लोकरी बनातीच्या तुकड्यांत पाणी मुरलं होतं. मैफल संध्याकाळी.

"संपलं," मी म्हणालो.

मागून आलेले अप्पा म्हणाले, "पुण्याला तार करू का?"

मायचं तोंड उतरलं. प्यायचं पाणी मोजून मिळायचं त्या दिवसांत, आणि तिनं अर्धा तांब्या माझ्या अवजारावर खर्च केला होता. मला माझीच लाज वाटली. खिशातला पेचकस काढून मी पुढची फळी उघडली. कारखान्यात शेकडो वेळा केलेलं काम. चारही पट्ट्या काढून बाहेर ठेवल्या. हातभर लांबीच्या, पाठीवर आकडे कोरलेल्या.

माय डोळे विस्फारून बघत राहिली. "इतक्या लांब असत्यात व्हय? वरून तर बोटाएवढ्याच दिसत्यात."

"उन्हात वाळवतो," म्हणत मी उठलो, तर तिनं माझा हात धरला.

"थांब. उन्हात न्हाई. वाकड्या हुतील, तडकतील. दे इकडं."

सभागृहाला लागूनच अप्पांचं घर होतं, त्याच्या गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. मायनं बाजेच्या सावलीत सूप ठेवलं, त्यावर धोतराचं पान अंथरलं, पट्ट्या मांडल्या आणि वरून पातळ फडकं टाकलं. मग तिथंच बसली. दर थोड्या वेळानं उलटवायची, गालाला लावून बघायची. अप्पांची बायको म्हणाली, "काकू, पापड हाय का ते? जेवून घ्या की."

"पापड बिघडला तर दुसरा लाटता येतो, बाई," माय म्हणाली. जेवली नाही.

मी दहादा वर गेलो. "झालं का?"

"जा रे खाली. सारखं उघडून बघितल्यानं वाळवण वाळत न्हाई."

दुपार कलता कलता तिनं एक पट्टी उचलून दुसरीवर टकटक केली, कान लावला आणि म्हणाली, "आता ने." बसवल्या. चारही लोण्यासारख्या वर-खाली झाल्या. मिस्त्री असते तर त्यांनी मायला कारखान्यात कामालाच ठेवून घेतलं असतं.

संध्याकाळी सभागृह भरलं. पहिल्या संथ तुकड्यालाच लोकांनी भजनासारखा टाळ्यांचा ठेका धरला. मी मुकाट्यानं त्यांच्या ठेक्यात गेलो आणि मजा आली. माय पुढच्या रांगेत, मांडीवर हात ठेवून, माझ्याकडं नाही, पट्ट्यांकडं बघत होती.

माणसं पांगल्यावर ती स्टेजवर आली. "त्या चार कोणत्या, वाजवून दाव."

मी एकेक वाजवली. तिनं मान तिरपी करून चारही ऐकल्या. तिसरी पुन्हा वाजवायला लावली.

"ही जरा ओलसर वाटती."

"नाही माय, तिचा सूरच तसा आहे."

"मग बरं हाय." तिनं पदरानं, कोरड्या पदरानं, पियानोवरून पट्टीवर सांडलेलं कुंकू पुसलं.

पुढं गावात कुणी विचारलं की ती सांगायची, "पोरगा वाजवितो. वाळवायचं काम माझ्याकडं हाय."